घरची साक्ष

एखादे ज्येष्ठ संशोधक जातात, वर्षश्राद्धाच्या आत स्मृतिग्रंथाची जुळवाजुळव सुरू होते, आणि संपादक मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: वहिनींचा लेख कुठे घालायचा? उत्तरही ठरलेलं असतं. आधी तज्ज्ञांचे लेख, मग सहकाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे, आणि सगळ्यात शेवटी ‘आप्तस्वकीय’ अशा मथळ्याखाली पत्नीच्या आठवणी, जुन्या फोटोंच्या पानांना लागून. अलीकडे अशाच एका ग्रंथात ही घडी मोडली. बाईंकडे आठवणी मागितल्या होत्या. त्यांनी पाठवला नवऱ्याच्या आयुष्यभराच्या कामाचा आढावा. कोणतं मत केव्हा बदललं, कोणता सिद्धान्त त्यांना स्वतःलाच पुढे पटेनासा झाला, कोणतं पुस्तक घाईत छापल्यामुळे कच्चं राहिलं, असं सगळं त्यात होतं. लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, संशोधनाचं मूल्यमापन तज्ज्ञांनी करायचं, घरच्यांनी जिव्हाळ्याचं लिहावं. दुसरा म्हणतो, ज्या माऊलीनं आयुष्य वेचलं तिच्या लेखाची चिकित्सा करणारे तुम्ही कोण? पहिल्यांना शिस्तीची काळजी आहे, दुसऱ्यांना कृतज्ञतेची. लेखात लिहिलंय काय, ते खरं आहे का, याबद्दल दोघंही गप्प आहेत.

माझं म्हणणं असं की वाद मुळात चुकीच्या जागी मांडला गेला आहे. जन्मभर एका विषयाचा पाठलाग केलेल्या माणसाच्या कामाबद्दल त्याचा जोडीदार बोलतो तेव्हा ती साक्ष असते. साक्ष नोंदवून घ्यायची असते, तिची उलटतपासणी करायची असते. ती खोटी ठरू शकते, अर्धवट ठरू शकते, कधी सगळ्या खटल्याचं पारडं फिरवू शकते. साक्षीदाराला कुणी हार घालत नाही आणि दाराबाहेरही बसवत नाही. आपण मात्र ज्ञानव्यवहारात जोडीदाराच्या बाबतीत हीच दोन कामं आलटून पालटून करत आलो आहोत.

वरवर एकमेकांच्या विरोधात दिसणाऱ्या या दोन तटांचं एका गोष्टीवर एकमत आहे, ते म्हणजे या बाईंना विषयातलं कळत नाही. पहिला तट ते उघड म्हणतो. दुसरा म्हणत नाही, पण त्याच्या कौतुकातून तेच निघतं. कारण तो त्यांच्या त्यागाला नमस्कार करतो, मताला नाही. आपल्याकडे या दुसऱ्या वृत्तीची परंपरा फार जुनी. वाचस्पती मिश्रांची गोष्ट कीर्तनातून, प्रवचनांतून आपण कितीदा ऐकली असेल. शांकरभाष्यावर टीका लिहिण्यात हा माणूस इतका बुडून गेला, की रोज संध्याकाळी दिव्यात तेल घालायला येणारी ही बाई कोण, हेही त्याला आठवेना. ग्रंथ पुरा झाल्यावर विचारलं, तेव्हा कळलं, ही आपली बायको. मग ओशाळून त्यानं टीकेला तिचं नाव दिलं: भामती. आख्यायिका आहे, खरीखोटी कोण ठरवणार. पण अद्वैत वेदान्तात एक अख्खं प्रस्थान, म्हणजे विचारांची शाखा, आज त्या नावानं ओळखलं जातं, यात शंका नाही. श्रोत्यांचे डोळे पाणावतात. मला मात्र दरवेळी वाटतं, इतकी वर्षं त्या दिव्याखाली काय लिहिलं जात होतं, ते भामतीनं एकदा तरी वाचलं असेल का? ती काय म्हणाली असेल? गोष्ट सांगणाऱ्यांपैकी कुणालाही हा प्रश्न पडलेला मी ऐकला नाही. नाव अजरामर झालं आणि बाई होती तिथेच, दिव्यापाशी राहिली. उलट बृहदारण्यकातली मैत्रेयी पाहा. याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो, दोघी बायकांना वाटणी करून देतो म्हणतो, तेव्हा ती सरळ विचारते, ज्यानं मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू? तुम्हाला जे ठाऊक आहे ते सांगा. आणि पुढच्या संवादात, मेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही हे त्याचं वाक्य ती तसंच गिळत नाही. तुम्ही मला घोटाळ्यात टाकलंत, असं तोंडावर सांगते. ही खरी दाद. पण लेखांतून, अर्पणपत्रिकांतून दाखला निघतो तो भामतीचा.

आता विरोधी बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करायला हवं. जोडीदार तटस्थ नसतो, हे खरंच आहे. त्याचा पैसा, तारुण्य, मुलांची शिक्षणं, सगळं त्या कामात गेलेलं असतं. ते काम थोर नव्हतं असं मानणं म्हणजे स्वतःचं आयुष्य फुकट गेलं असं मानणं. एवढी किंमत मोजलेला माणूस निःपक्षपाती कसा असेल? बरं, हा दोष उलट दिशेनंही चालतो. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं, की ‘ऑन लिबर्टी’ हे माझ्या नावावरच्या इतर कुठल्याही पुस्तकापेक्षा अधिक आम्हा दोघांचं, माझं आणि पत्नी हॅरिएटचं आहे. पुस्तक १८५९ मध्ये आलं, त्याच्या आदल्या वर्षी ती गेली होती. पुढच्या अभ्यासकांपैकी अनेकांनी हे विधान विधुराचा उमाळा म्हणून बाजूला सारलं. त्यांना तो एरवी तर्कशास्त्राचा बादशहा वाटत होता, फक्त बायकोचा विषय निघाला की त्याची बुद्धी चळते असं त्यांनी ठरवून टाकलं. म्हणजे ज्याच्या शब्दावर बाकी सगळं मानायचं, त्याचाच स्वतःच्या पुस्तकाच्या जन्माविषयीचा शब्द अमान्य. कदाचित मिल अतिशयोक्ती करतही असेल. पण ते ठरवायला मसुदे पाहायचे, पत्रं पाहायची. ‘नवरा आहे, बोलणारच’ हा काही पुरावा नव्हे.

आणि तटस्थ असतो तरी कोण? स्मृतिग्रंथात पहिल्या विभागात लिहिणाऱ्या तज्ज्ञांपैकी कुणाची पीएच. डी. त्याच गुरूंनी मंजूर केलेली असते, कुणाचं त्यांच्याशी पुरस्कार समितीवरून वाजलेलं असतं, कुणाला त्यांच्या जागी नेमणूक मिळालेली असते. त्यांचे हितसंबंध लेखाच्या तळटीपांत दडून जातात. पत्नीचा हितसंबंध तिच्या आडनावातच छापलेला असतो. माझ्या हिशेबी दुसरा अधिक प्रामाणिक आहे. निदान वाचक सावध तरी असतो.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. घरचे लोक ज्ञानाची राखण करता करता त्यावर कुलूप घालून बसतात. इंग्रज प्रवासी आणि भाषांतरकार सर रिचर्ड बर्टन १८९० मध्ये ट्रिएस्टला वारले. मरेपर्यंत ते एका अरबी कामशास्त्रीय ग्रंथाच्या नव्या, सटीप भाषांतरावर काम करत होते. त्यांच्या पत्नी इझाबेलनं ते हस्तलिखित जाळून टाकलं, नवऱ्याचं नाव मलिन होऊ नये म्हणून. आणि तीनच वर्षांत त्यांचं दोन खंडांचं चरित्र प्रसिद्ध केलं. आपल्याकडे आगी लावत नाहीत, दप्तर माळ्यावर टाकतात. पत्रव्यवहार मागायला गेलेल्या अभ्यासकाला चहा मिळतो, पोहे मिळतात, पत्रं मिळत नाहीत. हे सगळं खरं. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? इझाबेलनं जे केलं ते तिला काम कळत नव्हतं म्हणून केलं नाही. नवऱ्याची कीर्ती सांभाळणं एवढंच आपलं काम, असं तिला वाटत होतं म्हणून केलं. पत्नीला आपण फक्त कीर्तीची रखवालदार नेमलं तर ती रखवालीच करणार. संपादकपण तिला कुणी देऊच केलेलं नसतं. जिथे बाईनं ते आपणहून घेतलं तिथे चित्र वेगळं दिसतं. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. रमाबाईंच्या १९१० च्या आठवणी घरोघर वाचल्या गेल्या, पाठ्यपुस्तकांत गेल्या, मालिकेपर्यंत पोचल्या. त्याच रमाबाईंनी १९१५ मध्ये रानड्यांचे विखुरलेले इंग्रजी लेख आणि भाषणं एकत्र छापून प्रसिद्ध केली, त्यांची धर्मपर व्याख्यानंही छापली. रानड्यांच्या विचारांचा अभ्यास करणारा जो तो या संग्रहांच्या आधारानं लिहितो. पण ‘रमाबाईंनी रानड्यांसाठी काय केलं’ असं विचारलं तर उत्तर येतं पाय चोळण्याचं, सासरी सोसण्याचं. ग्रंथप्रकाशन कुणाला आठवत नाही.

घरचा माणूस देव्हारा बांधतो हे गृहीतक तर आपल्याच एका घरानं कधीच खोटं पाडलंय. कर्व्यांच्या. धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, हे विद्वान म्हणून नव्हे तर कार्यकर्ते म्हणून मोठे, हे मला ठाऊक आहे. पण एका ध्येयामागे जन्म घालवणाऱ्या माणसाकडे घरातून कसं पाहिलं गेलं, याचा इतका भरघोस पुरावा मराठीत दुसरा नाही. १९१५ मध्ये त्यांचं आत्मवृत्त आलं. १९४४ मध्ये बायांचं, म्हणजे पत्नी आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ आलं. मग सुनेनं, इरावतीबाईंनी, सासऱ्यांवर लिहिलं. अण्णांच्या लेखनात हिशेब आहे, संकोच आहे, स्वतःला शक्य तितकं लहान करणं आहे. बायांच्या लेखनात तोच संसार दुसऱ्या बाजूनं येतो: पैसा संस्थेकडे जायचा आणि घरात चणचण असायची, वर्गणी गोळा करत स्वतः हिंडायचं, विधवेशी लग्न केलेल्या माणसाची बायको म्हणून गावात काय वाट्याला यायचं. त्यांना नवऱ्याचा अभिमान आहे आणि रागही आहे, आणि दोन्ही त्यांनी एकाच दमात लिहिले आहेत. इरावतीबाई तर मानवशास्त्रज्ञ. ध्येयवेडा माणूस जगाचा झाला की घरच्यांचा किती उरतो, हे त्यांनी सासऱ्यांच्या हयातीतल्या अनुभवावरून, प्रेमानं आणि तरी धारदारपणे तपासलं. हे तीन मजकूर शेजारी ठेवून वाचा आणि मग सांगा, यातला कुठला वगळला तर अण्णांचं काम अधिक नीट समजेल? माझ्या मते बायांचा वगळला तर सगळ्यात मोठं नुकसान. कारण संस्था कशावर उभी राहिली, याचा ताळेबंद तिथे आहे. जाता जाता एक: इरावतीबाईंचा तो लेख इंग्रजीत छापला गेला तो दिनकररावांनी संपादित केलेल्या १९६३ च्या पुस्तकात. नवरा संपादक, बायको लेखक, विषय वडील आणि सासरे. आजच्या शिस्तप्रिय तटाला विचारलं असतं तर हे पुस्तक निघालंच नसतं.

तिसरा आक्षेप स्त्रीवादी बाजूनं येतो, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. आक्षेप असा: जोडीदाराच्या ‘साक्षी’ला एवढं महत्त्व देणं म्हणजे अखेर विद्वान नवऱ्याचीच मूर्ती आणखी उंच करणं. त्या बाईची स्वतःची बुद्धी त्याच्या कामात जिरली, आणि आता तिनं त्याच कामाबद्दल बोलावं म्हणून आपण खुर्ची देतो. काही वर्षांपूर्वी इंग्रजी ग्रंथांचे ऋणनिर्देश उकरून काढण्याची एक लाट आली होती, ‘टंकलेखनाबद्दल माझ्या पत्नीचे आभार’ अशा ओळींचा ढीगच जमला. तिचं नावही नाही, नुसती ‘पत्नी’. आपली मनोगतं काही वेगळी नाहीत, ‘सौ.च्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हते’ हे वाक्य शिक्का करून ठेवलं असतं तर प्रकाशकांची शाई वाचली असती. पण या ओळींतली खोट नेमकी काय? आभार मानले हीच खोट, असं समजून काही जण आभारांचीच टिंगल करतात. मला खोट दिसते ती मोघमपणात. सहकार्य म्हणजे काय? मुद्रितं तपासली? सूची केली? फारसी कागद वाचून दिला? की घरात आवाज होऊ दिला नाही? या चारही गोष्टी ग्रंथाला लागतात, पण त्या एक नव्हेत.

नेमकेपणानं आभार कसे मानावेत याचा वस्तुपाठ आपल्याजवळ आहे आणि तो दीर्घकाळ झाकून राहिला, हे जास्त बोलकं आहे. डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरचं पुस्तक पहिल्या पत्नी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं. त्यात मनाचा चांगुलपणा, शुद्ध चारित्र्य, विपन्नावस्थेत सोबत सोसण्याची तयारी यांचा गौरव आहे. ती अर्पणपत्रिका सगळ्यांना माहीत आहे, आणि तिच्या खरेपणाबद्दल प्रश्नच नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी मात्र त्यांनी १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. तिचा सूर वेगळा आहे. लिहिताना आपण कितीदा अंथरुणाला खिळलो, डॉक्टर आपल्याला विझत चाललेली ज्योत म्हणू लागले होते, आणि ती ज्योत पुन्हा पेटली ती पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, ग्रंथ पुरा करायला यांचाच आधार झाला, असं त्यांनी लिहिलं आहे. शिवाय मुद्रितं पाहिल्याबद्दल चिटणिसांचे वेगळे आभार. म्हणजे दुसऱ्या पत्नी सविताबाईंना त्यांनी डॉक्टर म्हणून श्रेय दिलं. त्याग नाही, सेवा नाही, कौशल्य. ज्याचं काम त्याच्या नावावर. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, १९५७ मध्ये ग्रंथ आला, आणि ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती लोकांपुढे यायला १९८० उजाडलं, भगवान दासांनी बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावना प्रसिद्ध केल्या तेव्हा. मधल्या काळात सविताबाईंवर नको ते संशय घेतले गेले, त्यांना समाजजीवनातून जवळजवळ उठवलं गेलं. त्या काळात ही अर्धा परिच्छेदभर नोंद ग्रंथाच्या पहिल्या पानांत असती तर? इतिहासात ‘जर-तर’ला अर्थ नसतो म्हणतात, पण लेखकानं स्वतः लिहिलेला पुरावा ग्रंथाबाहेर राहिला तर त्याची किंमत कोण मोजतं, हे इथे ढळढळीत दिसतं.

स्त्रीवादी आक्षेपाला दुसरं उत्तर म्हणून मी शीलवतीबाई केतकरांकडे बोट दाखवीन. मूळच्या एडिथ कोह्‌न, जर्मन ज्यू घराण्यातल्या. १९२० मध्ये व्रात्यस्तोम, म्हणजे हिंदू धर्मात घेण्याचा विधी, होऊन डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांशी लग्न झालं. तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेव्हा ऐन भरात होता: कंपनी काढून भाग विकायचे, वर्गणीदार गाठायचे, छापखाना चालवायचा, आणि या सगळ्यात मजकूर लिहायचा. १९३७ मध्ये केतकर गेले, वय अवघं त्रेपन्न, आणि मागे पैसा जवळजवळ नाही. बाईंनी पुढे ‘मीच हे सांगितले पाहिजे’ या नावानं त्या सहजीवनाबद्दल लिहिलं. द. न. गोखल्यांच्या केतकरचरित्राला १९६१ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता. पण केतकरांच्या अभ्यासात चरित्रकाराचं पुस्तक साधन ठरतं आणि बाईंचं पुस्तक कुतूहलाचा विषय होतं, परदेशी बायको पुण्यात कशी राहिली म्हणून. आता गंमत पाहा. विंटरनित्सचा भारतीय साहित्याचा इतिहास, संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ज्याच्यावर पोसल्या, तो मूळ जर्मनमधून इंग्रजीत कुणी आणला? कलकत्ता विद्यापीठानं १९२७ मध्ये काढलेल्या पहिल्या खंडावर भाषांतरकार म्हणून नाव आहे ‘मिसेस एस. केतकर’. दुसरा खंड १९३३ चा, त्यावर सोबत एक कुमारी कोह्‌न. त्या ‘एस.’मध्ये शीलवती शोधायची की श्रीधर, हे वाचकानं आपापलं ठरवावं. ज्या बाईनं वेदांपासूनच्या भारतीय वाङ्मयाचा इतिहास एका भाषेतून दुसरीत ओळीनं नेला, तिला ज्ञानकोशाबद्दल बोलायचा अधिकार नाही, तो फक्त संसाराबद्दल आहे, असं म्हणणारा तज्ज्ञ कोणत्या विषयातला तज्ज्ञ म्हणायचा? अमेरिकन इतिहासकार विल ड्युरांट यांच्या संस्कृतीच्या इतिहासाचा पहिला खंड १९३५ चा. मुखपृष्ठावर एरिएल ड्युरांट हे नाव यायला सातवा खंड, १९६१ साल उजाडावं लागलं. तोवर त्या कुठे होत्या? तिथेच, त्याच टेबलाशी. दहाव्या खंडाला पुलित्झर मिळालं ते मात्र दोघांना.

तर साक्षीला खुर्ची दिल्यानं नवऱ्याची मूर्ती उंच होते हे मला पटत नाही. झालाच तर उलटा परिणाम होतो. बाई बोलू लागल्या की विद्वान एकटा बसून लिहीत होता ही कथा ढासळते, आणि ती ढासळायला हवी. माझ्या ओळखीत तालुक्याच्या गावी एक आजी आहेत. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक, रविवार आणि सुट्ट्या शिलालेखांच्या मागे. ठसा घ्यायला ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशनं ठोकायचा, मग शाईची पुरचुंडी हलक्या हातानं फिरवायची. कागद सुकेपर्यंत वाऱ्यानं उडू नये म्हणून कडा धरून बसायचं काम आजींचं. कोरलेल्या ओळी त्यांच्या डोळ्यांखालून इतक्या गेल्या, की अक्षरं वाचता येऊ लागली. त्यांनी मला यजमानांचा एक छापील लेख दाखवला, घरची प्रत. शकाच्या आकड्यावर पेन्सिलीनं काट मारून समासात दुसरा आकडा लिहिलेला. ‘हा मी म्हटला होता,’ आजी म्हणाल्या, ‘ह्यांनी दोन पावसाळ्यांनी पुन्हा जाऊन पाहिलं, मग मान्य केलं.’ दुरुस्ती कुठे छापली नाही. नियतकालिक बंद पडलं होतं. अभ्यासक अजूनही जुना आकडा उद्धृत करतात. आजी बरोबर असतील किंवा नसतीलही, दगड अजून जागेवर आहे, जाऊन पाहता येईल. पण तो आकडा वादग्रस्त आहे, हेच त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. कुठला तज्ज्ञ हे सांगणार होता? कामाचा शेवट तज्ज्ञांना दिसतो, छापलेला. खाडाखोड, माघार, सोडून दिलेला ग्रंथ, पुरावा हाताशी असून न वापरल्याचं कारण, हे घरात दिसतं.

जे बोलले नाहीत त्यांचं काय, असं कुणी विचारील. धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये बुद्धाच्या शोधात गोव्यातलं घर सोडून निघाले, मागे तरुण बायको आणि तान्ही मुलगी. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश, पुढे हार्वर्ड. पाली विद्येत या माणसाचं स्थान कुणी नाकारणार नाही. आपल्या ‘निवेदना’त त्यांनी हा सगळा प्रवास सांगितला आहे. बाळाबाईंचं निवेदन आपल्यापाशी नाही. म्हणून मी त्यांच्या तोंडी काही घालणार नाही. ‘तिनं मूकपणे पाठिंबा दिला’ असंही नाही आणि ‘तिच्यावर अन्याय झाला असं तिला वाटत होतं’ असंही नाही. पहिलं वाक्य चरित्रकारांची सोय आहे, दुसरं आपली. मौनाची भलावण करण्यापेक्षा तिथे एक जागा रिकामी आहे, एवढं चरित्रात लिहावं, पुरे.

आणि नवरे? विदुषींच्या नवऱ्यांबद्दल आपली पद्धत आणखी मजेची आहे. दिनकरराव कर्व्यांनी १९२८ मध्ये वडिलांचा विरोध असताना पत्नीला मानवशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला पाठवलं. इरावतीबाईंच्या स्कूटरमध्ये पेट्रोल आणि पर्समध्ये पैसे आहेत ना, हेही तेच पाहत, असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं आढळतं. याला लगेच ‘केवढा मोठा माणूस’ अशी दाद मिळते. मोठा होताच. पण रोज हेच करणाऱ्या बायकांना आपण मोठा माणूस म्हणत नाही, गृहिणी म्हणतो. रसायनशास्त्रातल्या त्या माणसाला बायकोच्या नातेसंबंधांवरच्या मांडणीत काय चुकीचं वाटत होतं, हे जाणून घ्यायला मला पेट्रोलपेक्षा जास्त आवडलं असतं.

करता येण्यासारखं काही अवघड नाही. स्मृतिग्रंथाच्या संपादकांनी ‘आठवणी’ मागू नयेत, प्रश्न पाठवावेत. कोणतं काम अर्धवट राहिलं आणि का? कोणत्या टीकेनं ते अस्वस्थ झाले, कोणती त्यांनी खासगीत मान्य केली? हस्ताक्षर कुणाचं, सूची कुणी केली, पहिला खर्डा कोण वाचायचं, छपाईचे पैसे कुठून आले? आलेला लेख इतर लेखांइतकाच काटेकोर तपासावा, चूक दिसली तर बाईंना कळवावी, मतभेद असेल तर त्याच ग्रंथात छापावा आणि त्यांचं उत्तरही छापावं. ग्रंथालयांनी तर उद्यापासून एक गोष्ट बदलावी. विद्वानांचा संग्रह देणगी म्हणून येतो तेव्हा दुबार प्रतींतली कोरी ठेवतात आणि समासात लिहिलेली, रेघोट्या मारलेली खराब म्हणून काढून टाकतात. ती पुढे रद्दीत जाते. कोरी प्रत बाजारात मिळेल. रेघोट्यांची ठेवा, त्यात दोन हस्ताक्षरं दिसली तर दुसरं कुणाचं ते विचारायला त्या घरी जा, आणि जायचं ते लवकर जा, कारण सांगणाऱ्या बाईंची ऐंशी उलटलेली असते.